अठरा खळग्यांची प्रदक्षिणा

दर दिवाळीला या पानावर मी वाचकांना कुठेतरी घरबसल्या हिंडवून आणतो. या खेपेस कुठे जावे याची फारशी विवंचना करावी लागली नाही. शुक्रवार पेठेत आमच्यापासून चार घरे पलीकडे राहणाऱ्या एका वाचक भगिनींनीच विषय आणून दिला. त्यांचे यजमान रेल्वेत गार्ड होते, आता निवृत्त. मुलगा एडिंबरोला इंजिनिअर. मुलाने तिकडेच घर घेतले तेव्हापासून बापलेकांत ‘जेवलास का’ आणि ‘झोपा आता’ यापलीकडे संभाषण नाही. येत्या मे महिन्यात दोघे नवराबायको तिकडे जाणार आहेत आणि मुलाने कळविले आहे की, “बाबांना एक दिवस सेंट अँड्र्यूजला नेणार. मी खेळेन, त्यांनी बरोबर चालायचे.”

“अहो, यांना त्या खेळातले ओ की ठो कळत नाही,” बाई म्हणाल्या, “चार तास त्याच्याबरोबर चालायचे म्हणजे मुकाट्याने चालणार दोघे. तुम्ही ते मैदान पाहिले आहे ना? मग प्रत्येक ठिकाणी काय असते, काय करायचे असते, ते नीट लिहून द्या. निदान विचारायला तरी काही सुचेल यांना.”

मी ते मैदान पाहिले आहे, पण एकदाच, आणि तेही रविवारी. रविवारी तिथे गोल्फ बंद असतो. मोठ्या स्पर्धेचा रविवार सोडला तर त्या दिवशी गावातले लोक कुत्री घेऊन, पोरांच्या गाड्या ढकलीत खुशाल त्या जगप्रसिद्ध हिरवळीवर फिरतात. मीही सोलापुरी चादरीचा तुकडा गळ्याभोवती गुंडाळून (वारा असा की कानशिले बधिर व्हावीत) सगळी वाट पायांखाली घातली. बाकीचे ज्ञान पुस्तकांतले. तेव्हा गार्डसाहेब, हा मजकूर आपल्यासाठी. इतरांनी कान द्यायला हरकत नाही.

आधी खेळ काय तो दोन वाक्यांत. विटीच्या जागी चेंडू, दांडूच्या जागी काठी आणि शेवटी गोट्यांच्या खेळातली गल. ठरलेल्या जागेवरून चेंडू टोलवायचा आणि कमीत कमी टोल्यांत खळग्यात घालायचा, की एक ‘होल’ झाला. असे अठरा. प्रत्येक होलाला चांगल्या खेळाडूने किती टोले घ्यावेत त्याचा आकडा ठरलेला असतो, त्याला ‘पार’ म्हणतात. या मैदानाचा एकूण पार ७२. विटीदांडूत आपण ‘वकट, लेंड, मूंड’ म्हणतो, ते तेलुगूतले एक, दोन, तीन. आपल्या पूर्वभागातल्या पद्मशाली पोरांना ते सांगावे लागत नाही. गोल्फमध्ये मात्र जितके मोजाल तितके वाईट.

चेंडूचीही एक गंमत आहे. पूर्वी तो कातड्यात पिसे ठासून करीत, आणि तो महाग पडे. १८४८च्या सुमारास गटापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाचा स्वस्त चेंडू आला आणि खेळ गरिबाच्या आवाक्यात आला. त्याचा उगम असा सांगतात की, सेंट अँड्र्यूजच्या एका घरी हिंदुस्थानातून विष्णूची मूर्ती आली. ती फुटू नये म्हणून पेटीत भोवती गटापर्चाचे तुकडे भरले होते, त्यांचाच कोणी चेंडू वळला. खरेखोटे विष्णूला ठाऊक. पण मुलाला हे ठाऊक नसण्याची शक्यता आहे, तेव्हा सुरुवात इथून करावी.

आता प्रदक्षिणा. आपल्या सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक करीत गावाभोवती फिरतात, तशी ही अठरा ठिकाणांची फेरी. एका टोकाला गाव, दुसऱ्या टोकाला ईडन नदीची खाडी. नऊ होल जाताना, नऊ येताना. फरक इतकाच की, आज ही फेरी उलटी घालतात, डावीकडे वळत. पूर्वी ती उजवीकडून, शास्त्राप्रमाणे होती. त्या जुन्या दिशेचे काही उपद्रव पुढे बाराव्या होलावर भेटतील.

पहिला होल, ‘ओढा’. सुरुवातीची जागा १८५४ साली बांधलेल्या दगडी क्लबघरासमोर. मागे काचेच्या खिडक्या, बाजूला रस्ता, रस्त्यावर बघे. समोरचे मैदान इतके रुंद की चुकवायचे म्हटले तरी चुकवता येऊ नये, कारण पहिला आणि अठरावा होल शेजारी शेजारी, मध्ये कुंपण नाही. तरी भल्याभल्यांचे हात इथे थरथरतात. मुलाचा पहिला टोला वाकडा गेला तर गार्डसाहेबांनी दुसरीकडे बघावे. दुसरा टोला मात्र महत्त्वाचा: खळग्याच्या ऐन अलीकडे स्विल्कन नावाचा ओढा आहे. ओढा कसला, आपल्याकडे त्याला चर म्हणतील, पण चेंडू गिळायला तेवढा पुरे. खळगा ओढ्याला लागून असेल तेव्हा हावरेपणा न करता पलीकडे लांब टाकावा.

दुसरा ‘बांध’, तिसरा ‘गाडीवाट’. दोन्हीकडे एकच धोरण: उजवीकडे काटेरी पिवळ्या फुलांची झुडपे आहेत, तेव्हा डावीकडे मारावे. हे धोरण जवळजवळ सगळ्या मैदानाला लागू आहे. पण डावीकडे वाळूचे खड्डे. त्यांना बंकर म्हणतात आणि या मैदानात ते ११२ आहेत. टायगर वुड्सने २००० सालची स्पर्धा इथे जिंकली तेव्हा चार दिवसांत एकाही खड्ड्यात त्याचा चेंडू गेला नाही. वुड्सचे टोले लांब होते म्हणून लोक वाहवा करतात. मला त्याचे हे खड्डे टाळणे अधिक थोर वाटते.

दुसऱ्या होलावर डावीकडचा जो खड्डा लागतो त्याचे नाव चीप. या नावापाशी थांबलेच पाहिजे, कारण त्या घराण्याशिवाय ही फेरीच उरली नसती. गोष्ट अशी. १५५२ सालच्या एका सनदेत तिथल्या आर्चबिशपने गावकऱ्यांचा या वाळवंटी कुरणावर खेळण्याचा हक्क मान्य केला होता. पण १७९७ साली नगरपालिका कर्जात बुडाली आणि तिने ही जमीन चक्क विकून टाकली. घेणाऱ्यांनी तिथे ससे पाळले, मांसासाठी आणि कातड्यासाठी. सशांनी बिळे केली, खेळणाऱ्यांचे पाय मुरगळू लागले, चेंडू बिळांत जाऊ लागले. मग कोर्टकचेऱ्या आणि मारामाऱ्या. हे वीस-पंचवीस वर्षे चालले. शेवटी १८२१ साली जेम्स चीप नावाच्या शेजारच्या जमीनदाराने, जो स्वतः गोल्फवेडा होता, जमीन विकत घेऊन सशांचा उच्छाद संपविला. १८९४च्या कायद्याने मैदान पुन्हा नगरपालिकेकडे आले आणि १९७४पासून त्याचा कारभार विश्वस्त पाहतात. म्हणून आजही जगातले हे सर्वांत नामवंत मैदान कुणा क्लबाच्या मालकीचे नाही. क्लबघर क्लबाचे, गवत गावाचे. गावकरी वर्षाचे तिकीट काढून खेळतो. बाहेरच्याला बरेच पैसे मोजावे लागतात आणि चिठ्ठीत नाव निघावे लागते. आपल्या होम मैदानावर गड्ड्याच्या यात्रेत पाळणे लागतात तेव्हा ‘हे मैदान कुणाचे?’ असे कुणी विचारीत नाही, तसेच ते. विचारायची वेळ येते ती मैदान गेल्यावर.

चौथ्याचे नाव मला फार आवडले: ‘जिंजर बीअर’. पूर्वी इथे अँडरसन नावाचा एक म्हातारा गाडी लावून आल्याचे पेय विकी. गाडी गेली, म्हातारा गेला, नाव राहिले.

पाचवा होल लांब, पार पाच. दुसरा टोला आखूड ठेवावा की सगळे अडथळे ओलांडावेत हा प्रश्न मुलाला पडेल. त्यात पडू नये. इथली खरी मौज पुढे हिरवळीवर आहे. खळग्याभोवती जी बारीक कापलेली हिरवळ असते, ती इथे पाऊण एकराहून मोठी आहे! कारण दोन होलांना मिळून एकच हिरवळ, तिच्यावर दोन खळगे, दोन निशाणे. जाणारे एका खळग्यात घालतात, येणारे दुसऱ्यात. अशा जोडहिरवळी सात आहेत आणि प्रत्येक जोडीची बेरीज करून पाहा: दोन-सोळा, तीन-पंधरा, चार-चौदा, पाच-तेरा, सहा-बारा, सात-अकरा, आठ-दहा. दर वेळी अठरा! फक्त पहिला, नववा, सतरावा आणि अठरावा यांची चूल वेगळी. गार्डसाहेबांचे आयुष्य एकेरी मार्गावर समोरासमोरून येणाऱ्या गाड्यांचा मेळ बसविण्यात गेले आहे. ही व्यवस्था पाहून त्यांना पुष्कळ प्रश्न सुचतील. आधी कोण जाणार, कोण थांबणार, हे मुलालाच विचारावे.

अठरा हा आकडाही इथलाच. १७६४ पूर्वी फेरी बावीस होलांची होती. सुरुवातीचे चार होल फार तोकडे म्हणून त्यांचे दोन केले; जातायेता तीच वाट, म्हणून चार कमी झाले आणि अठरा राहिले. पुढे जगाने तोच आकडा प्रमाण मानला. पुष्कळ शास्त्रे अशीच तयार झाली असावीत.

सहाव्यावर समोरचे काही दिसत नाही. झुडपांवरून अंदाजाने मारायचे. सातव्याची वाट परत येणाऱ्या अकराव्याच्या वाटेला चक्क छेदून जाते, तेव्हा हाकारे ऐकत चालावे. ‘फोर!’ असे कुणी ओरडले तर चार मोजू नयेत, डोके झाकावे.

आठवा ‘आखूड’. एका टोल्यात हिरवळ गाठायची, समोरचा खड्डा चुकवून. नववा ‘टोक’. इथे मैदान सपाट, वाट आखूड, आणि मुलाला वाटेल की आता कमावून घ्यावे. घेऊ द्यावे. या टोकाला आल्यावर खाडी दिसते. समुद्राकाठचे मैदान म्हणतात, पण खरे सांगायचे तर समुद्र इथून फार थोडा दिसतो. तो असतो तो वाऱ्यात. जाताना वारा पाठीशी असला तर परतताना तोंडावर बसणार, आणि तो कधी मध्येच फिरेल याचा भरवसा नाही. जो खेळाडू वाऱ्याशी भांडतो तो उंच टोले मारून हरतो. जो चेंडू खाली ठेवून जमिनीवरून पळवितो, तो टिकतो. विमानासारखे उंच उडवून अलगद उतरविण्याचे अमेरिकन तंत्र इथे चालत नाही, कारण जमीन वाळूची आणि टणक. चेंडू टप्पा घेऊन कुठल्या कुठे जातो.

दहाव्याला पुष्कळ वर्षे नाव नव्हते. आता त्याला बॉबी जोन्सचे नाव आहे, आणि त्याची गोष्ट पुढच्याच, म्हणजे अकराव्या होलावरची. हा एका टोल्याचा होल: हिरवळ उंचावर, मागे खाडी, समोर एक खोल खड्डा, डावीकडे त्याहून खोल दुसरा. हिरवळ पुढच्या बाजूला अशी उतरती की वरून हलकेच ढकललेला चेंडू खाली निघून जातो. चेंडू खळग्याच्या खालच्या अंगाला राहील इतपतच मारावे, एवढेच इथले शहाणपण. १९२१ साली एकोणीस वर्षांचा अमेरिकन बॉबी जोन्स इथे पहिल्यांदा आला. आधीच खेळ बिघडलेला. या होलावर डाव्या खड्ड्यात अडकला, बाहेर निघेना, तेव्हा संतापून त्याने स्पर्धाच सोडली. त्या मुलाला गाव विसरून गेले असते. पण तो परत आला. १९२७ साली त्याने इथेच ओपन स्पर्धा जिंकली, तेव्हा लोकांनी त्याला खांद्यावर घेतले. १९३० साली हौशी खेळाडूंची स्पर्धाही इथेच जिंकली. त्या वर्षी ब्रिटन आणि अमेरिकेच्या चारही मोठ्या स्पर्धा त्याच्या नावावर लागल्या आणि अठ्ठाविसाव्या वर्षी त्याने स्पर्धांतून निवृत्ती घेतली. पुढे पाठीच्या कण्याच्या रोगाने त्याचे चालणे गेले. १९५८ साली गावाने त्याला आपले नागरिकत्व बहाल केले. त्याच्या आधी तो मान मिळालेला अमेरिकन म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन. ज्या मैदानावरून रागाने निघून गेला, त्या गावाने त्याला आपला म्हटले.

बाई, हे मी मुद्दाम लांबवून सांगितले. अकराव्यावर पुष्कळदा पुढची मंडळी आटपेपर्यंत थांबावे लागते. गार्डसाहेबांना ही गोष्ट तिथे सांगता येईल.

बारावा दिसायला साधा भोळा. समोर रिकामी वाट, खड्डा औषधाला नाही. सरळ मारले की चेंडू वाटेच्या मधोमध वाळूत! कारण हे खड्डे उलट्या बाजूने तोंड करून आहेत. पूर्वीच्या दिशेने खेळताना ते दिसत. आता पाठ दिसते, म्हणजे काहीच दिसत नाही. इथे कॅडीचा, निदान आधी एकदा फसलेल्या माणसाचा सल्ला घ्यावा.

तेराव्यावरच्या खड्ड्यांना ‘शवपेट्या’ म्हणतात. आत उतरून पाहिल्याशिवाय त्या नावाची गंमत कळत नाही, पाहू नये. डावीकडून जावे.

चौदावा सर्वांत लांब, स्पर्धेच्या वेळी सहाशे यार्डांच्या वर. पहिला टोला उजवीकडची दगडी भिंत आणि डावीकडचे खड्डे यांच्यामधल्या सपाट पट्ट्यावर टाकायचा; त्या पट्ट्याला या लोकांनी ‘स्वर्गातले कुरण’ असे नाव दिले आहे. स्वर्ग आला म्हणजे नरक आलाच. तो पुढेच आहे, माणसाहून उंच भिंतीचा आणि ‘नरक’ याच नावाचा खड्डा. १९९५ साली जॅक निकलॉस त्यात उतरला. याच मैदानावर त्याने १९७० आणि १९७८ साली ओपन जिंकलेली, म्हणजे इथला खड्डा न् खड्डा माहीत असलेला माणूस. बाहेर यायला त्याला चार टोले लागले आणि त्या एका होलाला एकूण दहा. मुलगा त्यात उतरलाच तर त्याला पुढे मारू देऊ नये. आडवे किंवा मागे, जिकडे वाट असेल तिकडे चेंडू काढावा आणि पुढे चालू लागावे. वडिलांनी सांगितले तर ऐकेल असे नाही. पण नरकात उतरलेला मनुष्य कुणाचे तरी ऐकण्याच्या मनःस्थितीत असतो.

पंधरावा सरळ. मुलाचे पाय दुखू लागले असतील, तुमचेही.

सोळाव्यावर वाटेच्या मध्यात तीन खड्डे दाटीने बसले आहेत, त्यांना ‘प्राचार्यांचे नाक’ म्हणतात. (आमच्या ओळखीचे एक निवृत्त प्राचार्य हे ऐकून आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.) नाकाच्या उजवीकडे चिंचोळी फट आहे आणि फटीपलीकडे हद्द. डावीकडून जावे. पण गार्डसाहेब, तुम्ही मात्र उजवीकडेच पाहा: ही हद्द म्हणजे जुना रेल्वेमार्ग. सेंट अँड्र्यूजला गाडी याच कडेने येई. १९६९ साली स्टेशन बंद झाले आणि रूळ उखडले. चालत्या गाडीतून खेळ बघणाऱ्या उतारूंची काय चंगळ होत असेल!

सतरावा ‘रस्ता’. जगातला सर्वांत अवघड पार चार अशी त्याची ख्याती. स्पर्धेला ४९५ यार्ड. वाट उजवीकडे वळते आणि वळणाच्या आत रेल्वेच्या जुन्या शेड होत्या. आता तिथे हॉटेल आहे, पण शेड गेल्या म्हणून होल सोपा होऊ नये यासाठी लोकांनी तशाच काळ्या शेड पुन्हा बांधल्या! पहिला टोला त्या शेडवरून, भिंतीवर रंगविलेल्या हॉटेलाच्या नावातले एखादे अक्षर धरून आंधळेपणाने मारायचा. पुढे हिरवळ अरुंद आणि तिरपी. अलीकडे एक खोल गोल खड्डा, पलीकडे डांबरी रस्ता आणि त्यापलीकडे भिंत. रस्त्यावर गेलेला चेंडूही तिथूनच खेळायचा, सवलत नाही. १९७८ साली जपानचा नाकाजिमा दोन टोल्यांत व्यवस्थित हिरवळीवर पोचला होता, आघाडीच्या मंडळींत होता. तिसरा हलकासा टोला मारला तो घरंगळत मागच्या खड्ड्यात. तिथून निघायला चार टोले. एकूण नऊ झाले. त्या खड्ड्याला लोक त्याचेच नाव घेऊन हिणवतात, हे मला बरे वाटत नाही. सामान्य माणसाने इथे पाच टोले धरूनच चालावे, चारांची आशा करू नये. दुसरा टोला हिरवळीच्या उजव्या अलीकडच्या कोपऱ्याशी ठेवला की खड्डाही टळतो, रस्ताही टळतो.

मग अठरावा. त्याला टॉम मॉरिसचे नाव आहे. विणकराचा पोर, चेंडू बनवीत बनवीत मैदानाचा राखणदार झाला आणि चार वेळा ओपन जिंकला. १८२१ ते १९०८ असे भरपूर आयुष्य लाभलेला हा म्हातारा याच हिरवळीलगतच्या आपल्या दुकानाच्या दारात बसे. वाटेत ओढ्यावर दगडी पूल लागतो. धनगरांनी मेंढरे नेण्यासाठी सातशे वर्षांपूर्वी बांधला म्हणतात. २००५ साली निकलॉसने त्यावर उभे राहून जगाचा निरोप घेतला, म्हणजे स्पर्धेचा. २०२३ साली पुलाच्या तोंडाशी विश्वस्तांनी फरशी बसविली. लोकांनी असा गिल्ला केला की चार दिवसांत ती उखडून पुन्हा गवत लावावे लागले. फरशी उखडल्यावर खड्डा न ठेवता गवत लावले, ही बातमी सोलापूरकरांनी दोनदा वाचावी.

इथे पहिला टोला डावीकडे, कितीही डावीकडे. उजवीकडे घरांच्या खिडक्या आहेत. मैदानातून गावचा रस्ता आडवा जातो, माणसे येत-जात असतात, त्यांना जाऊ द्यावे. हिरवळीच्या पुढे डावीकडे एक खोलगट बशी आहे, ‘पापाची दरी’. दुसरा टोला तोकडा पडला की चेंडू तिच्यात परत घरंगळतो. १९९५ साली इटलीच्या रोकाने त्या दरीतून साठ-पासष्ट फुटांवरून जमिनीवरूनच चेंडू खळग्यात घातला आणि जमिनीवर पालथा पडून रडला. आणि १९७० साली डग सँडर्सला जिंकायला तीन फुटांहूनही कमी अंतर उरले होते. वाकून त्याने हिरवळीवरचा काहीतरी कण उचलला, पुन्हा उभा राहिला, मारला, चुकला. दुसऱ्या दिवशी निकलॉसकडून एका टोल्याने हरला.

तेव्हा मुलगा शेवटचा हातभर टोला मारताना बोलू नये, हलू नये, आपली सावली त्याच्या रेषेवर पडू देऊ नये. निशाणाची काठी धरून उभे राहण्याचे काम बाबांना द्यावे, असे मी त्यालाही कळविणार आहे. गार्डाच्या हाती निशाण शोभून दिसते.

बाई, तुम्ही तोवर क्लबघरात बसू नका. क्लबात बायकांना सभासद करून घ्यायला २०१४ साल उजाडावे लागले, ते असो. पहिल्या होलाच्या शेजारी उंचसखल हिरवळ आहे, तिचे नाव ‘हिमालय’. १८६७पासून गावातल्या बायकांच्या क्लबाची ती जागा. थोडे पैसे भरून एक काठी आणि चेंडू मिळतो, कुणालाही खेळता येते. पदर खोचा आणि खेळा. बरोबर कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्या. वाऱ्याने भूक सपाटून लागते, आणि तिकडचे सँडविच फार गारढोण असते.

आणि जमले तर रविवारचा दिवसही मोकळा ठेवा.